वेदगंगेचा पूर आणि ओली निरगाठ : ईएमडीआर उपचाराचा एक प्रकरण अभ्यास

निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी असलेल्या एका गावातील चौतीस वर्षांच्या विडी कामगार बाई उपचारासाठी बेळगावला आल्या, तेव्हा त्यांच्या तक्रारीत पुराचा उल्लेखही नव्हता. बोटे धरतात, दोरा बांधता येत नाही, एवढेच त्या सांगत होत्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरातील काही तपशील येथे बदलले आहेत, आणि हे लिहिण्यास त्यांची संमती आहे. पुढे त्यांचा उल्लेख ‘ताई’ असाच केला आहे. त्यांच्यावर केलेला ईएमडीआर हा डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन आघाताच्या आठवणींवर काम करणारा मानसोपचार आहे.

विडी वळण्याचे काम पाहिलेल्यांना ही तक्रार किती नेमकी आहे ते लगेच कळेल. मांडीवर सूप घेऊन बसायचे, ओलवलेले टेंभुर्णीचे पान पत्र्याच्या मापाने कापायचे, त्यात जर्दा भरून वळायचे, तोंड मुडपायचे आणि शेवटी दोऱ्याचे वेढे देऊन विडी बांधायची. ताईंचे हात पान कापताना, भरताना आणि वळताना नीट चालत. दोरा हातात आला की उजव्या हाताची बोटे ताठ होत, मनगट जड पडे, घसा आवळल्यासारखा वाटे आणि सूप बाजूला ठेवून त्यांना उठावे लागे. पूर्वी दिवसाला हजारभर विड्या वळणाऱ्या ताईंच्या हातून तीनचारशेही होत नव्हत्या, आणि मजुरी हजारी हिशेबाने मिळत असल्यामुळे घरखर्चाला लगेच ओढ बसू लागली होती.

मानेचा एक्स-रे काढून झाला होता, नसांची तपासणी झाली होती, गोळ्या आणि इंजेक्शने झाली होती. घरच्यांनी अंगारा लावला होता, सौंदत्तीला यल्लम्मादेवीला जाऊन त्यांनी ओटी भरली होती. त्या श्रद्धेने ताईंना धीर दिला होता, ही गोष्ट मी महत्त्वाची मानते. पण बोटे सुटत नव्हती. शेवटी तालुक्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरांनी त्यांना साधा प्रश्न विचारला, की हे पावसाळ्यात वाढते का? ताई रडू लागल्या, आणि त्या डॉक्टरांनी त्यांना मानसोपचारासाठी पाठवले. या प्रकरणातील सर्वांत मोलाचे निदान त्या एका प्रश्नाने केले, असे माझे मत आहे.

ती रात्र

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर पावसाने उसंत घेतली नाही. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा या तिन्ही नद्या पात्र सोडून वाहू लागल्या, निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या भागांतील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली आणि निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आल्याने वाहतूक बंद पडली. ताईंचे यजमान मालट्रकवर चालक होते आणि ते कोल्हापूरच्या पलीकडे अडकून पडले होते. घरात ताई, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा होता, आणि गोठ्यात दुभती म्हैस होती.

रात्री पाणी घरात शिरले तेव्हा वीज गेलेली होती. सासूबाईंना माळ्यावर चढवून ताई म्हैस सोडायला गोठ्यात गेल्या. मोबाइलच्या उजेडात त्यांना दावे दिसले, पण म्हैस घाबरून मागे ओढत असल्याने आणि सुंभ पाण्याने फुगल्याने खुंट्याची निरगाठ आवळून दगडासारखी झाली होती. विळा स्वयंपाकघरात पाण्याखाली होता. पाणी छातीला लागल्यावर त्या परत फिरल्या, माळ्यावर गेल्या, कौले काढून तिघे पहाटेपर्यंत बसून राहिले. म्हशीचे ओरडणे पहाटेच्या थोडे आधी थांबले. सकाळी नाव आली. पाणी ओसरल्यावर पंचनामा झाला आणि त्यात म्हशीची नोंद एका ओळीत झाली.

पहिल्या भेटीत ताईंनी ही हकीकत सांगितली ती जवळजवळ सपाट आवाजात. “दोन्ही हातांनी वडत हुते, पण गाठ सुटंना,” असे त्या म्हणाल्या. हे वाक्य मी त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवले.

त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांना स्वप्नात गोठा दिसे, शेजारची म्हैस हंबरली तरी छातीत धडधडे, घराच्या मागच्या बाजूला जाणे त्यांनी सोडून दिले होते आणि पुन्हा जनावर घेण्याचा विषय निघाला की त्या घरातून बाहेर पडत. जुलै २०२१ मध्ये नदी पुन्हा चढली, महामार्ग पुन्हा बंद झाला. त्या वेळी त्यांच्या घरात पाणी आले नाही, तरी बोटे धरण्याचा त्रास त्याच पावसाळ्यात सुरू झाला. ओलसर पानाने दोराही ओलसर होतो. ओला दोरा आणि बोटाखालची गाठ, एवढी खूण शरीराला पुरेशी होती.

नातेवाईक म्हणत, म्हशीपायी कुणी इतके आजारी पडते का? हा प्रश्न विचारणाऱ्यांना दोष देता येत नाही, पण उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. त्या रात्री तीन माणसांचा जीव धोक्यात होता, आणि तो धोका ताईंनी तासन् तास अनुभवला. शिवाय ती म्हैस पतसंस्थेच्या कर्जातून घेतलेली होती, तिच्या दुधावर हप्ता आणि किराणा चालत होता, आणि तिला धारेच्या वेळी हाताची ओळख होती. पुनःपुन्हा जिवंत होणाऱ्या आठवणी, टाळाटाळ, सतत सावध राहणे, अपराधी भाव आणि कामात येणारा अडथळा ही सर्व लक्षणे वर्षानुवर्षे टिकून होती. हा आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी) होता आणि त्यावर उपचार उपलब्ध आहेत.

उपचाराची निवड आणि तयारी

ईएमडीआर ही पद्धत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी विकसित केली. १९८७ मध्ये आपल्या डोळ्यांची हालचाल आणि त्रासदायक विचारांची तीव्रता यांचा काही संबंध असावा असे त्यांच्या लक्षात आले आणि १९८९ मध्ये त्यांचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर विकारासाठी आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचारासोबत, म्हणजे आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारासोबत, ईएमडीआरची शिफारस केली. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या एनआयसीई या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही, युद्धाशी संबंध नसलेल्या आघातांसाठी, तिचा समावेश आहे.

ताईंसाठी ही पद्धत निवडण्याची कारणे अगदी व्यावहारिक होती. यात घटनेचे बारीकसारीक वर्णन वारंवार करावे लागत नाही आणि घरी लिहून आणायचा अभ्यास नसतो. बेळगावला येणे म्हणजे ताईंची एका दिवसाची मजुरी बुडणे, आणि लहानशा घरात वही उघडून आपल्या भीतीबद्दल लिहिण्याची सोय त्यांना नव्हती.

उपचाराचे आठ टप्पे असतात आणि त्यांतील डोळ्यांच्या हालचालींचा भाग चौथ्या टप्प्यात येतो. ही गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण मोबाइलवर सरकणारा ठिपका पाहून आघात बरा होतो अशी समजूत पसरत आहे. आधीच्या टप्प्यांत इतिहास नीट घ्यावा लागतो, फिट येण्याचा किंवा डोळ्यांचा आजार आहे का ते पाहावे लागते, आठवण उघडल्यावर माणूस भान हरपून दूर निघून जातो का हे तपासावे लागते, आणि अस्वस्थता वाढल्यास परत स्थिर होण्याची साधने त्याच्या हाती द्यावी लागतात. ही तयारी न करता आठवण उकरणे धोक्याचे आहे.

ताईंच्या तयारीला अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागला. मनात सुरक्षित जागा निवडायला सांगितले, तेव्हा त्यांनी आधी आपले घर निवडले आणि लगेच नाकारले. देवळाजवळच्या पाराचे चित्रही टिकले नाही, कारण पाराच्या पायऱ्यांवरून नदी दिसत होती. शेवटी त्यांना माहेरचे अंगण सापडले. ते गाव नदीपासून दूर माळावर आहे, अंगणात तंबाखूची पाने वाळत घातलेली असत आणि त्यांचा उग्र वास घरभर भरलेला असे. तो वास आठवला की त्यांचे खांदे खाली येत. त्याबरोबर त्यांना दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून आळीपाळीने हलके थोपटण्याची पद्धत शिकवली. ‘फुलपाखरू मिठी’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत लुसिना आर्टिगास यांनी मेक्सिकोत पॉलिन चक्रीवादळातून वाचलेल्या लोकांसोबत काम करताना विकसित केली, म्हणजे तिचा उगमही पाण्यावाऱ्याच्या आपत्तीतलाच आहे.

मग लक्ष्य निश्चित केले. सर्वांत त्रासदायक चित्र होते मोबाइलच्या उजेडात पाण्याखाली दिसणारी गाठ. त्यासोबत स्वतःबद्दलचे वाक्य होते, “माझ्यामुळं गेली ती.” त्याऐवजी काय खरे वाटावे असे विचारल्यावर, बराच वेळ गप्प राहून, त्या म्हणाल्या, “हातात हुतं तेवढं मी केलं.” हे वाक्य एक ते सात या मापावर कितपत खरे वाटते, तर दोन. त्रासाची पातळी शून्य ते दहा या मापावर नऊ. शरीरात कुठे, तर बोटे, मनगट आणि घसा.

डोळ्यांच्या हालचालींची सत्रे

मी त्यांच्या समोर थोडे बाजूला बसून दोन बोटे डावीकडून उजवीकडे फिरवत असे आणि त्या मान न हलवता डोळ्यांनी पाठलाग करत. साधारण चोवीसेक फेऱ्यांचा एक संच झाला की थांबायचे, श्वास घ्यायचा आणि आता काय येते ते थोडक्यात सांगायचे. जे येईल त्यावर मी भाष्य करत नसे. “तेच धरा,” एवढे म्हणून पुढचा संच सुरू होत असे.

पहिल्या सत्रात आठवण पुढे सरकली, पण म्हशीच्या आवाजापाशी येऊन अडली. संचामागून संच तोच आवाज, तोच घसा, तीच पातळी. शिवाय वर्षानुवर्षे मंद उजेडात बारीक काम केल्यामुळे त्यांचे डोळे लवकर दुखत. डोळे दुखत असतील तर ओढून नेण्यात अर्थ नसतो. आम्ही डोळ्यांच्या हालचालींऐवजी गुडघ्यांवर आळीपाळीने हलके टकटक करण्याकडे वळलो, आणि डोळ्यांना आराम मिळाल्यावर पुढच्या वेळी पुन्हा हालचालींवर आलो. सत्र अपूर्ण राहिले होते, म्हणून त्या दिवशी माहेरच्या अंगणात परत येऊन, श्वास स्थिर झाल्यावरच त्यांना बसस्थानकाकडे जाऊ दिले.

त्यानंतरच्या सत्रात तोच आवाज पुन्हा आला आणि पुन्हा अडला. अशा वेळी उपचारकाने छोटासा प्रश्न टाकायचा असतो. मी विचारले, “ताई, तुमची धाकटी बहीण त्या गोठ्यात असती, तर तिला काय म्हणाला असता?” त्या लगेच म्हणाल्या, “मागं फीर म्हटलं असतं. पोरगं हाय की कडंवर.” आणि एवढे बोलून त्या थांबल्या.

मी पुढचा संच सुरू केला. त्यांच्या डाव्या हाताची मूठ कमरेपाशी वळली, जणू तिथे काही धरले आहे. संच संपल्यावर त्या म्हणाल्या, की पोरगा त्या रात्री त्यांना सोडायलाच तयार नव्हता, त्याला कडेवर घेऊनच त्या गोठ्यात गेल्या होत्या. दोन्ही हातांनी नव्हे, एका हाताने त्या गाठ सोडवत होत्या. पुढच्या संचात त्यांना मुलाचे वजन जाणवले, त्याचे पाय आपल्या पोटाला घट्ट आवळलेले जाणवले, पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलेले दिसले. मग त्या मोठ्याने रडल्या. सत्राच्या शेवटी त्रासाची पातळी तीनवर आली होती.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. उपचारात वर येणारा प्रत्येक तपशील घडलेलाच असतो असे नाही. आठवण ही लवचिक गोष्ट आहे आणि तिची शहानिशा करणे हे उपचाराचे काम नाही. म्हणून मी ताईंना त्या तपशिलाकडे ढकलले नाही, सासूबाईंना बोलावून साक्षही काढली नाही. पुढे घरी विषय निघाल्यावर सासूबाईंनी स्वतःहून सांगितले, की माळ्यावर चढताना ताईंनी आधी मुलगा वर दिला होता. हे ऐकून ताईंना बरे वाटले. तरी ते ऐकले नसते तरी उपचार तसाच पुढे गेला असता.

अपराधाचे वाक्य सैल झाल्यावर “हातात हुतं तेवढं मी केलं” हे वाक्य मूळ चित्रासोबत धरून ठेवण्याचा टप्पा सोपा गेला, त्याची खरेपणाची पातळी सहापर्यंत पोहोचली. सातपर्यंत का नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “विळा वर ठेवायला पायजे हुता.” मला हे उत्तर प्रामाणिक वाटले आणि ते पुसण्याचा प्रयत्न मी केला नाही. शरीराचा आढावा घेताना बोटांत मुंग्या उरल्या होत्या, त्यांवर आणखी काही संच केले तेव्हा त्या ओसरल्या.

डोळे हलवल्याने नेमके काय घडते?

या प्रश्नाचे सर्वाधिक पुरावे असलेले उत्तर कार्यकारी स्मृतीशी निगडित आहे. मनाच्या पटलावर एका वेळी थोडेच काही धरून ठेवता येते. जुनी घटना आठवत असतानाच डोळ्यांनी बोटाचा पाठलाग करायचा म्हटले, की दोन्ही कामे त्याच अपुऱ्या जागेवर हक्क सांगतात, त्यामुळे चित्राचा ठळकपणा आणि भावनेची धार कमी होते. हा परिणाम अँड्रेड, कव्हाना आणि बॅडली यांनी १९९७ मध्ये प्रयोगांतून दाखवला. झोपेतील डोळ्यांच्या वेगवान हालचालींशी साम्य जोडणारा विचारही मांडला गेला आहे. हालचालींची गरजच नाही, बाकीची प्रक्रियाच उपचार करते, असा निष्कर्ष डेव्हिडसन आणि पार्कर यांच्या २००१ च्या विश्लेषणात होता, तर ली आणि क्वीपर्स यांच्या २०१३ च्या विश्लेषणात हालचालींमुळे भर पडते असे आढळले. म्हणजे पद्धत उपयोगी आहे यावर जितके एकमत आहे, तितके ती कशामुळे उपयोगी पडते यावर नाही. रुग्णाला हे सांगण्यात काहीच कमीपणा नाही. ताईंना मी हे सोप्या शब्दांत सांगितले होते.

ताईंच्या बाबतीत माझे निरीक्षण असे, की हालचालींमुळे आठवणीची धार कमी झाली आणि त्यामुळे तिच्यात आजवर न दिसलेल्या गोष्टींना जागा मिळाली. आठवण पुसली गेली नाही. म्हैस बुडाली हे त्यांना आजही आठवते आणि वाईटही वाटते.

पावसाळा पुन्हा येणार होता

ईएमडीआरमध्ये भूतकाळाची आठवण, वर्तमानातील चाळवणाऱ्या खुणा आणि भविष्यातील प्रसंग अशा तिन्हींवर काम करायचे असते. नदीकाठच्या माणसांच्या बाबतीत तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच बहुधा घाईत उरकला जातो, याची मला खंत वाटते. रस्त्यावरचा अपघात झालेल्या माणसाला तो अपघात पुन्हा होईलच असे नसते. वेदगंगेच्या काठी राहणाऱ्या बाईला मात्र दर जुलै-ऑगस्टमध्ये धरणातील विसर्गाचे आकडे ऐकू येणारच, आणि काही वर्षी पाणी खरोखरच येणार. तिची पाण्याची भीती शून्यावर आणणे हे यश ठरले नसते, उलट तिला बेसावध करणे ठरले असते.

म्हणून आधी ओला दोरा, म्हशीचे हंबरणे आणि कौलांवरचा पाऊस या तीन खुणांवर स्वतंत्र काम केले. सत्राच्या वेळी ताईंनी घरून दोऱ्याची गुंडी आणली होती, ती ओली करून त्यांनी माझ्यासमोर विडी बांधली, बोटे थरथरली पण धरली नाहीत. त्यानंतर पुढच्या पुराचा प्रसंग मनात उभा करून घेतला: गावात दवंडी फिरली आहे, पाणी वाढत आहे, आता पहिल्यांदा काय करायचे? त्यांनी क्रम स्वतःच लावला. कागदपत्रे आणि विळा माळ्यावर, सासूबाई आणि मुलगा आधीच नणंदेकडे उंचावर, जनावर असेल तर पाणी रस्त्याला लागण्याआधी माळावर. हा प्रसंग मनात चालवताना घसा आवळला, की थांबून संच करायचा आणि पुन्हा पुढे जायचे. शेवटी त्रासाची पातळी दोनवर स्थिरावली आणि मी तेथेच थांबले, कारण ती दोन पातळी त्या नदीच्या स्वभावाला साजेशी होती.

पावसाळा आला. नदी पात्राबाहेर आली नाही, तरी पाणी वाढल्याच्या बातम्या आल्या. ताईंनी दोन रात्री नीट झोप घेतली नाही, पण विड्यांचे काम बंद पडले नाही, आणि संख्या पूर्वीच्या जवळ पोहोचली. स्वप्ने क्वचित पडतात, त्यांत गोठा असतो, आवाज नसतो. दिवाळीनंतर त्यांनी एक रेडी घेतली. तिला त्या निरगाठीने बांधत नाहीत, सुरगाठ मारतात, म्हणजे एका हाताने ओढली तरी सुटते.

काही गोष्टी या उपचाराच्या आवाक्याबाहेर राहिल्या. कर्जाचा उरलेला भाग त्यांना अजून फेडायचा आहे. यजमानांनी एकदाही सोबत येण्याचे मान्य केले नाही, आणि त्या रात्री आपण घरी नव्हतो ही त्यांची सल ताईंच्या बोलण्यातून वारंवार जाणवते. अशा वेळी बेळगावपर्यंत येणे शक्य नसलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे पूर्ण ईएमडीआर होत नाही, पण बोलण्याची सुरुवात होऊ शकते, आणि तो क्रमांक मी ताईंच्या हाती त्यांच्या यजमानांसाठी लिहून दिला आहे. मुलगा आता शाळेत जातो, पाऊस जोराचा झाला की आईच्या पदराला धरून बसतो. त्याची तपासणी येत्या मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी करायची असे ताईंशी बोलून ठरले आहे.